गिधाडांचा ऱ्हास आणि गुरांची औषधे

आज पन्नाशीला आलेल्या कोणाही शेतकऱ्यास आपल्या लहानपणी गावाबाहेरच्या माळावर पाहिलेले एक दृश्य आठवत असेल. म्हातारा बैल किंवा आजारी म्हैस मरून पडावी, तिचे कातडे काढून घेतले जावे, आणि थोड्याच वेळात आभाळात एक काळा ठिपका घिरट्या घालताना दिसावा. पाहता पाहता ठिपक्यांचे दहा होत, दहाचे पन्नास होत, आणि घटकाभरात ते कलेवर गिधाडांनी झाकून जाई. त्यांची ओढाताण व कर्कश ओरड दूरवर ऐकू येई. तास-दोन तासांनी मागे उरत ती केवळ हाडे. हाडे गोळा करणारा माणूस तीही घेऊन जाई आणि माळ पुन्हा स्वच्छ होई.

हे दृश्य आज महाराष्ट्रातील बहुतेक गावांतून नाहीसे झाले आहे. मेलेले जनावर आठ-आठ दिवस कुजत पडते, दुर्गंधी सुटते, कुत्र्यांची झुंड त्यावर पोसते. गिधाडे कोठे गेली, असे विचारल्यास खेड्यात निरनिराळी उत्तरे मिळतात. कोणी म्हणतात झाडे तुटली, कोणी म्हणतात फवारणीच्या विषाने मेली, कोणी म्हणतात ती दूर देशी निघून गेली. खरे कारण मात्र गोठ्यातच होते, आणि ते शोधून काढण्यास शास्त्रज्ञांस अनेक वर्षे लागली. ही हकिगत प्रत्येक पशुपालकाने व गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक सेवकाने जाणून घेण्याजोगी आहे. कारण गिधाडे मेली ती कोणाच्या वैरामुळे नव्हे, तर जनावरांवर दया म्हणून दिलेल्या औषधामुळे.

आपल्या देशात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी गुरांच्या कलेवरांवर मुख्यतः जगणाऱ्या तीन जाती महत्त्वाच्या होत: पांढऱ्या पाठीचे गिधाड, लांब चोचीचे गिधाड आणि सडपातळ चोचीचे गिधाड. तिसरी जात हिमालयाच्या पायथ्याशी व आसामकडे राहते. पहिल्या दोन आपल्या ओळखीच्या आहेत. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच वृक्षांवर घरटे बांधते. कोकणात तर ते नारळीच्या माथ्यावरही घरटे करताना आढळले आहे. लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या कड्याकपारींतून वस्ती करते. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की कुजक्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात टिकत नाहीत. शिवाय ते शिकार करीत नाही. कोकरू, करडू किंवा कोंबडी यांस त्याच्यापासून भय नाही. थोडक्यात, पगार न घेता व कोणाचे नुकसान न करता गावाची घाण नाहीशी करणारा हा पक्षी होता. जटायूची कथा ज्या देशात घरोघर सांगितली जाते त्या देशात त्याचे नाव शिवीसारखे वापरले जावे, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

घट कशी ध्यानात आली

राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची मोठी वसाहत होती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० नंतरच्या दशकात तेथील घरटी मोजून ठेवली होती. दहा वर्षांनंतर ते पुन्हा त्याच ठिकाणी मोजणी करू लागले तेव्हा घरटी रिकामी पडलेली होती, झाडांखाली मेलेले पक्षी होते, आणि जिवंत पक्षी मान खाली टाकून तासन्‌तास सुस्त बसलेले दिसत होते. त्यांचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर देशभर ठरावीक रस्त्यांवरून मोटारीने जाऊन गिधाडे मोजण्यात आली, व तेच रस्ते, त्याच पद्धतीने, काही वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा तपासण्यात आले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी व इतर दोन जातींची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळून आले. टक्क्यांचा हिशेब बाजूला ठेवून सांगावयाचे तर, जेथे पूर्वी हजार गिधाडे होती तेथे एक उरले. या तीनही जाती २००० सालापासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून गणल्या जातात. राज गिधाड व पांढरे गिधाड या जातींतही मोठी घट झाली आहे.

येथे या मोजणीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. भरतपूरला आधीची नोंद केलेली नसती, तर नंतरची घट कोणास सिद्ध करता आली नसती. गिधाडे कमी झाली असे अनेकांस वाटत होतेच. परंतु वाटणे आणि मोजलेले असणे यांत फार अंतर आहे. पेरणीपूर्वी व कापणीनंतर वही ठेवणारा शेतकरी हे चांगले जाणतो.

जो प्राणी विपुल आहे तो संपणार नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नाही. उत्तर अमेरिकेत प्रवासी पारवा नावाचा पक्षी एके काळी अब्जावधींच्या संख्येने होता. त्याचे थवे जाऊ लागले की आकाश झाकोळून जाई. बेसुमार शिकार व जंगलतोड यांमुळे तो भराभर घटत गेला, आणि त्या जातीतील शेवटची मादी १९१४ साली सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयात मेली. २०१९ साली जगातील शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने जो अहवाल दिला त्यात सुमारे दहा लक्ष जातींचे प्राणी व वनस्पती नष्ट होण्याच्या मार्गावर असल्याचा अंदाज दिला आहे. त्यांपैकी बहुतेकांचे नावही आपल्या कानावर येणार नाही. गिधाडाचे वैशिष्ट्य इतकेच की ते आपल्या दारातून गेले.

कारणाचा शोध

प्रारंभी संशय रोगावर होता. इतक्या विस्तीर्ण प्रदेशात, भारत, पाकिस्तान व नेपाळ या तीनही देशांत, एकाच काळात पक्षी मरत होते. तेव्हा एखादा नवा विषाणू पसरला असावा असे मानणे साहजिक होते. अन्न कमी पडले असेल हे कारण टिकण्यासारखे नव्हते, कारण कलेवरे तर जागोजाग पडून होती. कीटकनाशकांचेही परीक्षण झाले, परंतु सर्व मृत्यूंचा उलगडा होईल इतके विष सापडले नाही. मेलेल्या पक्ष्यांचे शवविच्छेदन केले असता मात्र एकच खूण वारंवार दिसत होती: हृदय, यकृत व इतर अवयव यांवर पांढऱ्या पिठासारखा थर. हा थर युरिक आम्लाचा होता. पक्ष्यांच्या शरीरातील टाकाऊ नत्र युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड बंद पडले की ते रक्तात साचते आणि अवयवांवर त्याचे खडे बसतात. म्हणजे पक्षी मूत्रपिंड निकामी होऊन मरत होते. ते निकामी कशाने होत होते, एवढाच प्रश्न उरला.

अमेरिकेतील पशुवैद्यक लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी पाकिस्तानातील पंजाबात या प्रश्नावर काम करीत होते. विषाणू, जड धातू, कीटकनाशके यांचा तपास निष्फळ ठरल्यावर त्यांनी निराळा विचार केला. गिधाडे खातात काय? पाळीव गुरे. मग त्या गुरांना हल्ली नवीन असे काय दिले जाते? औषधविक्रेत्यांकडे व पशुवैद्यांकडे चौकशी करता, मूत्रपिंडास अपाय करू शकेल असे, पोटातून वा टोचून दिले जाणारे व अलीकडेच प्रचारात आलेले एकच औषध पुढे आले. ते म्हणजे डायक्लोफेनॅक. मेलेल्या पक्ष्यांची तपासणी करता, अवयवांवर पांढरा थर असलेल्या २५ गिधाडांपैकी सर्व २५ मध्ये हे औषध सापडले, आणि अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही ते नव्हते. पुढे औषध दिलेल्या जनावराचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातले असता तीही त्याच लक्षणांनी मेली. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला.

डायक्लोफेनॅक हे वेदना व सूज कमी करणारे औषध माणसांसाठी बरीच वर्षे वापरात आहे. १९९० नंतर ते आपल्याकडे अतिशय स्वस्त झाले आणि गुरांसाठीही विकले जाऊ लागले. लंगडणारा बैल, कासदाह झालेली गाय, ताप आलेली म्हैस, सर्वांना तेच इंजेक्शन. ते गुणकारी होते हे नाकारता येणार नाही. एरवी इतके खपले नसते. जनावर बरे झाले तर औषध काही दिवसांत शरीरातून निघून जाई. परंतु जे जनावर औषध देऊनही दोन-तीन दिवसांत मेले, त्याच्या यकृतात, मूत्रपिंडात व टोचलेल्या जागेच्या मांसात औषधाचा अंश राही. गुराला त्याच्या वजनाच्या मानाने जी मात्रा देतात तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मात्रा गिधाडास मारक ठरते. असे मांस पोटभर खाल्ल्यानंतर साधारणतः दोन दिवसांत पक्षी मरतो.

येथे कोणाच्याही मनात शंका येईल की, सर्वच गुरांना काही हे औषध दिले जात नव्हते. मग हजारांत नऊशे नव्याण्णव गिधाडे मरावीत कशी? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. गिधाड सरासरी तीन दिवसांतून एकदा पोटभर खाते असे धरले तर वर्षात सुमारे १२० जेवणे झाली. दोनशे कलेवरांपैकी केवळ एक विषारी आहे असे मानले, तरी १२० जेवणांत ते एक कलेवर वाट्यास येण्याचा संभव इतका असतो की शंभर गिधाडांपैकी सुमारे ४५ वर्षअखेरपर्यंत मरतील. पुढील वर्षी उरलेल्या ५५ पैकी पुन्हा तोच हिस्सा, आणि असेच पुढे. शास्त्रज्ञांनी केलेला हिशेबही असेच सांगतो: शंभरांत एकाहूनही कमी कलेवरे विषारी असली तरी दिसून आलेली सर्व घट त्यामुळे होऊ शकते. प्रत्यक्षात औषधावर बंदी येण्यापूर्वी देशातील निरनिराळ्या भागांतून तपासलेल्या कलेवरांपैकी सुमारे दहा टक्क्यांत डायक्लोफेनॅक सापडले होते. त्यात एकेका कलेवरावर पन्नास-पन्नास पक्षी एकत्र जेवतात, तेव्हा एक मेलेली म्हैस संपूर्ण थवा संपविण्यास पुरे होई.

ही हानी भरून येणेही सोपे नाही. गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडे घालते. सुमारे पन्नास दिवस नर व मादी आळीपाळीने ते उबवितात, आणि पिल्लू उडू लागण्यास आणखी कित्येक महिने लागतात. ते पिल्लू स्वतः अंडे घालण्याजोगे होण्यास पाच वर्षे जावी लागतात. कोंबडीच्या हिशेबाने येथे विचार करून चालणार नाही.

गावावर झालेला परिणाम

गिधाडे गेल्याने उरलेले मांस वाया गेले नाही. ते भटक्या कुत्र्यांच्या वाट्यास गेले. १९९२ ते २००६ या काळात देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या या एका कारणाने सुमारे ५५ लाखांनी वाढली असावी, आणि त्यांच्या चाव्यामुळे रेबीज होऊन ४७,००० हून अधिक माणसे जास्तीची मेली असावीत, असा अंदाज २००८ साली अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, पूर्वी गिधाडे विपुल असलेले जिल्हे आणि फारशी नसलेले जिल्हे यांची तुलना करण्यात आली. गिधाडे नाहीशी झाल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांतील मनुष्यांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे व २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लक्ष अधिक मृत्यू झाल्याचे त्यात दाखविले आहे. कुत्र्यांचा उपद्रव, कुजक्या कलेवरांमुळे दूषित झालेले पाणी, ही त्याची कारणे सांगितली आहेत. एका पक्ष्याच्या नाशाची किंमत इतकी असेल, अशी कल्पना त्या काळी कोणालाच नव्हती.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात ऊसशेतीच्या भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाद्यात कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. गावात कुत्री वाढली की बिबट्यास गावात येण्यास कारण मिळते, हे ऊसपट्ट्यातील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

मुंबईच्या मलबार हिलवरील दोखम्यांत पारशी समाज मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करीत असे. गिधाडे नाहीशी झाल्यावर त्या समाजास सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांचा आधार घ्यावा लागला. शेतीशी याचा संबंध नाही, पण शेतातील औषधाचे परिणाम किती दूरवर गेले ते यावरून कळून येते.

बंदी व तिच्या पळवाटा

भारत सरकारने २००६ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅक तयार करण्यास मनाई केली व २००८ साली ती अधिक कडक केली. नेपाळ व पाकिस्तान यांनीही २००६ सालीच बंदी घातली, बांगलादेशाने २०१० साली. तथापि माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक बाजारात होतेच, आणि ते तीस मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत मिळे. एवढी मात्रा माणसास एका वेळी कधीच लागत नाही. ती बाटली कोणासाठी होती हे सर्वांस माहीत होते. अखेर २०१५ साली माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आली. गुरास पुरेल इतके औषध देण्यास आता अशा अनेक बाटल्या फोडाव्या लागतात, व तेच त्या नियमाचे प्रयोजन आहे.

दुसरी अडचण अशी की डायक्लोफेनॅकच्या जागी जी औषधे आली त्यांपैकी काही तितकीच घातक निघाली. केटोप्रोफेन गिधाडांस मारक आहे. ॲसिक्लोफेनॅक तर गुराच्या शरीरात गेल्यावर त्याचेच डायक्लोफेनॅक बनते. म्हणजे नाव बदलले, विष तेच राहिले. या दोन्ही औषधांवर गुरांच्या वापरासाठी २०२३ साली आणि निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. यापैकी कोणतेही औषध कपाटात शिल्लक असल्यास ते वापरून संपविण्याचा मोह टाळावा.

वेदना व सूज यांवर मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना गुणकारी आहे आणि गिधाडांना निर्धोक आहे, हे २००६ पासून प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. टोल्फेनॅमिक आम्ल हेही अलीकडील प्रयोगांत निर्धोक आढळले. मेलॉक्सिकॅम आता सर्वत्र मिळते व फार महाग नाही. अर्थात कोणते औषध किती द्यावयाचे, हे ठरविणे पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे काम आहे. दुकानदाराच्या सल्ल्याने वा शेजाऱ्याच्या अनुभवाने इंजेक्शन टोचण्याची जी सवय अनेक गावांत पडली आहे, ती जनावरासही हितावह नाही.

पशुपालकांनी व ग्रामसेवकांनी घ्यावयाची काळजी

जनावरास इंजेक्शन दिले जात असताना औषधाचे नाव विचारून ते गोठ्यातील वहीत तारखेसह लिहून ठेवावे. बाटलीवरील मूळ औषधाचे नाव वाचावे, केवळ छापील व्यापारी नाव नव्हे. कारण एकच औषध दहा नावांनी विकले जाते. ज्या जनावरास वर सांगितलेले एखादे घातक औषध नजरचुकीने दिले गेले आणि ते आठवड्याच्या आत मेले, त्याचे कलेवर कधीही उघड्यावर टाकू नये. सुमारे दोन मीटर खोल खड्ड्यात, विहीर व ओढा यांपासून दूर, चुना घालून पुरावे. काळपुळीचा संशय असलेले जनावर तर फाडू नये, सोलू नये, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविल्याशिवाय हलवूही नये. हवेशी संबंध येताच त्या रोगाचे जंतू टिकाऊ रूप धारण करतात व तीच जमीन वर्षानुवर्षे रोगट ठेवतात.

परंतु जे जनावर वार्धक्याने वा अपघाताने मेले, ज्यास अशी औषधे दिलेली नाहीत, ते ज्या भागात गिधाडे अद्याप टिकून आहेत तेथे पुरून टाकणे म्हणजे त्यांचे अन्न हिरावणे होय. रायगड जिल्ह्यातील फणसाड परिसरात व गडचिरोली जिल्ह्यात वनखात्याने गिधाडांसाठी खाद्यस्थाने केली आहेत. अशा ठिकाणी निर्धोक कलेवरे पोहोचविण्यास गावाने साहाय्य केले तर एका कामात दोन कामे होतात. या संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मेलेली गुरे ओढण्याचे काम पूर्वी रूढीने ज्यांच्यावर लादले गेले होते, त्यांनी ते नाकारले हे सर्वथा उचित झाले. परंतु त्यानंतर ते काम साऱ्या गावाचे आहे, ही गोष्ट बहुतेक गावांनी अद्याप मनावर घेतलेली दिसत नाही. ग्रामपंचायतीने त्यासाठी जागा नेमून देणे, वाहन व मजुरी यांची तरतूद करणे आणि वाहून नेणाऱ्यास हातमोजे व बूट देणे, हे खर्चाच्या मानाने लहान व उपयोगाच्या मानाने मोठे काम आहे.

आणखी एक धोका विषप्रयोगाचा. कुत्र्यांचा किंवा हिंस्र पशूंचा त्रास होतो म्हणून मेलेल्या शेळीत वा वासरात कीटकनाशक घालून ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. आसामातील कामरूप जिल्ह्यात २०२२ च्या मार्च महिन्यात असे विषारी मांस खाऊन जवळजवळ शंभर गिधाडे एकाच वेळी मेली. असे करणे कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्या कुत्र्यांसाठी ते केले जाते ती त्यामुळे कमीही होत नाहीत.

हरियाणातील पिंजोर येथे बंदिस्त जागेत गिधाडांची पैदास करण्याचे केंद्र बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी व तेथील सरकार यांनी चालविले आहे. आसाम, पश्चिम बंगाल व मध्य प्रदेश येथेही अशी केंद्रे आहेत. पिंजोरमध्ये वाढविलेली वीस गिधाडे २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रात आणण्यात आली. त्यांपैकी काही चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा येथे व काही नागपूरकडील पेंच येथे नव्या हवापाण्याची सवय व्हावी म्हणून मोठ्या पिंजऱ्यांत ठेवण्यात आली होती. मोकळ्या सुटलेल्या गिधाडास एका दिवसात शंभर किलोमीटरचा पल्ला काही फार नाही. अभयारण्याची हद्द त्यास ठाऊक नसते. ते जेथे कलेवर दिसेल तेथे उतरते. म्हणून या दोन जिल्ह्यांतील व त्यांस लागून असलेल्या भागातील गुरांच्या दवाखान्यांत, औषधांच्या दुकानांत आणि गोठ्यांत वरील बंदी घातलेली औषधे शिल्लक आहेत काय, याची पाहणी गावोगावच्या सेवकांनी प्रथम करावी. पाठीवर यंत्र लावलेले किंवा पायात कडे असलेले गिधाड आजारी वा मेलेले आढळल्यास त्यास हात न लावता जागा व वेळ लिहून घ्यावी, आणि जवळच्या वनरक्षकास त्याच दिवशी कळवावे. अवयव ताजे असतील तरच औषधाचा अंश प्रयोगशाळेत नीट तपासता येतो; उन्हात दोन दिवस पडलेल्या पक्ष्यापासून फारसे काही समजत नाही.